जुन्या फटफटीचें अभ्यंगस्नान

घरांतील जुन्या वस्तूंकडे पाहण्याच्या दोन तऱ्हा आमच्या सुशिक्षित कुटुंबांत आढळतात. वस्तु जुनी झाली म्हणजे ती भंगारवाल्याच्या हवालीं करून मोकळें व्हावें, ही एक. आणि ती जपून ठेवावी, परंतु तिला हात मात्र लावूं नये, ही दुसरी. पहिल्या तऱ्हेंत वस्तु एका दिवसांत जाते. दुसरींत ती राहते खरी, पण धुळीनें व गंजानें हळूहळू नाहींशी होते. या दोहोंच्या मधला मार्ग म्हणजे वस्तु जपावी आणि ती आपल्याच हातांनीं स्वच्छ राखावी. हा मार्ग कष्टाचा असल्यामुळें तो फारसा कोणी पत्करीत नाहीं. प्रस्तुत लेखांत त्या मार्गाचें एक लहानसें उदाहरण वाचकांपुढें ठेवण्याचा आमचा विचार आहे. जुन्या फटफटीच्या चाकांवर वर्षानुवर्षें सांचलेला तेलकट मळ चाकास इजा न करतां कसा काढावा, हा आमचा आजचा विषय होय.

विषय वाचून कांहीं वाचक हसतील. निवृत्त शिक्षकानें एका प्रकारच्या धातूंचीं रूपें सोडून दुसऱ्या प्रकारच्या धातूंच्या मागें कां लागावें, असें त्यांस वाटेल. परंतु आपल्या ओळखीच्या घरांच्या पडवींत, बोळांत किंवा जिन्याखालीं एकवार डोकावून पाहावें. १९५५ सालीं मद्रासेंत एन्फील्ड इंडिया ही कंपनी निघाली आणि बुलेट गाडी या देशांत तयार होऊं लागली. १९६१ सालीं म्हैसुरास आयडियल जावा हा कारखाना सुरू झाला. त्याच्या जावा व पुढें येझदी या गाड्या १९९६ पर्यंत निघत होत्या. या गाड्यांवरून आमच्या पिढींतील कित्येक गृहस्थ कचेरीस गेले, मुलांस पुढें टांकीवर व पत्नीस मागें बसवून देवदर्शनास गेले. ते गृहस्थ आतां थकले किंवा निवर्तले. गाडी मात्र गोणपाटाखालीं उभी आहे. आतां नातवंडांस ती पुन्हां रस्त्यावर आणण्याची हौस वाटूं लागली आहे, आणि ही हौस चांगली आहे असें आमचें मत आहे.

या हौसेस कायद्याचीहि एक बाजू आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षें टिकते. पुढें गाडी तपासून घेऊन ती पांच पांच वर्षांसाठीं वाढवून घ्यावी लागते. शिवाय २०२१ सालीं केंद्र सरकारनें नियमांत नवी तरतूद केली आणि ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपांत राखलेल्या गाड्यांस ‘व्हिंटेज’ म्हणून निराळी नोंदणी मिळूं लागली. ‘मूळ स्वरूपांत’ हे दोन शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावे. आमच्या सांगण्याचें सारें सार त्यांत आहे. मळ जावा, पण मूळ राहावें. मळ काढण्याच्या उतावळेपणानें मुलामा, रंग व अंगची झिलई हीं एकदां गेलीं म्हणजे तीं परत मिळत नाहींत. मळ मात्र आज गेला नाहीं तर उद्यां जातो. तेव्हां घाई कोणत्या बाजूस करावी आणि धीर कोणत्या बाजूस धरावा, हें उघडच आहे.

रोग ओळखल्यावांचून औषध देऊं नये, तसें मळाचें स्वरूप कळल्यावांचून त्यावर हात टाकूं नये. चाकाच्या भागांस आपल्याकडे फार जुनीं नांवें आहेत. मधला तुंबा म्हणजे नाभि, त्यांतून जाणारा आंस म्हणजे अक्ष, आरे म्हणजे अर, आणि बाहेरचा घेर म्हणजे नेमि. आजचा मिस्त्री यांनाच हब, अ‍ॅक्सल, स्पोक व रिम म्हणतो. नांवें बदललीं, पण मळ सांचण्याच्या जागा बदलल्या नाहींत. बैलगाडीचें काळें वंगण तुंब्याच्या तोंडाशीं ओघळून धुळीनें घट्ट होत असे, तसेंच येथेंहि होतें.

फटफटीच्या मागच्या चाकावर मळ नेहमीं अधिक असतो. त्याचें कारण तेथली सांखळी, म्हणजे चेन. सांखळीस दिलेलें तेल चाक वेगानें फिरूं लागलें म्हणजे बाहेर फेंकलें जातें आणि आऱ्यांवर व रिमेच्या आंतल्या अंगास बारीक थेंबांनीं बसतें. त्यावर रस्त्याची धूळ बसते, त्यावर पुन्हां तेल, त्यावर पुन्हां धूळ, असे थर चढत जातात. तुंब्यांतील ग्रीस उन्हाळ्यांत पातळ होऊन बाहेर झिरपतें. हें ग्रीस म्हणजे खनिज तेल आणि एका प्रकारचा साबण यांचें दाट मिश्रण असतें. ब्रेकच्या पट्ट्या झिजून त्यांची काळी पूड पडते. वाटेंतलें डांबर ठिपक्याठिपक्यांनीं चिकटतें. अशा स्थितींत गाडी वर्षानुवर्षें उभी राहिली म्हणजे हवेंतील प्राणवायूचा तेलाशीं संयोग होऊन तें घट्ट व तपकिरी होतें आणि शेवटीं रोगणासारखें कठीण बनतें. म्हणून जुना मळ तीन प्रकारचा असतो: वर धूळमिश्रित भुसभुशीत थर, त्याखालीं मेणासारखा चिकट थर, आणि अगदीं तळाशीं धातूस बिलगलेला कठीण पापुद्रा. या तिन्हींस एकच उपाय लागू पडत नाहीं.

आतां तेलकट मळावर पाणी कां चालत नाहीं? हें आमच्या वाचकभगिनींस पुस्तकावांचून ठाऊक आहे. फणस चिरण्यापूर्वीं त्या हातास व विळीस तेल लावतात. कारण फणसाचा चीक पाण्यानें निघत नाहीं, तेलानें निघतो. रंगपंचमीच्या दिवशीं मुलांच्या अंगास खोबरेल चोळतात, तें याच न्यायानें. पाण्याचे कण एकमेकांस घट्ट धरून असतात व तेलास आपल्यांत शिरूं देत नाहींत. उलट तेल तेलांत सहज मिसळतें. काट्यानें काटा काढावा, तसें तेलानें तेल काढावें, हें या कामाचें पहिलें सूत्र. साबणाचें काम निराळें आहे. त्याच्या कणाचें एक टोंक पाण्यास धरतें व दुसरें तेलास. म्हणून सुटें झालेलें तेल तो पाण्याबरोबर बाहेर नेऊं शकतो. पण जें तेल अजून सुटलेलेंच नाहीं, घट्ट होऊन बसलें आहे, त्यापुढें नुसता साबण थिटा पडतो.

दिवाळीच्या अभ्यंगस्नानाचा क्रम पाहिला तर हेंच दिसेल. आधीं तेल, मग उटणें, मग ऊन पाणी. हा क्रम उलटा केला तर स्नान होईल, अभ्यंग होणार नाहीं. चरकसंहितेंत अभ्यंगाचें महत्त्व सांगतांना तेल दिल्यानें दृढ होणाऱ्या गाडीच्या आंसाची उपमा दिली आहे. तेव्हां आम्ही स्नानाची रीति चाकास लावली यांत फारसें स्वातंत्र्य घेतलें असें नाहीं. संस्कृतांत तेलास व मायेस स्नेह हा एकच शब्द आहे. जुन्या गाडीस दोन्ही लागतात.

कृतीकडे वळण्यापूर्वीं धोक्याच्या चार गोष्टी सांगणें अवश्य आहे. कारण येथें चूक झाली तर चाकाचें नव्हे, माणसाचें नुकसान होतें.

पहिली गोष्ट, पेट्रोलानें चाकें धुऊं नयेत. पेट्रोल मळ लौकर काढतें हें खरें, पण त्याची वाफ शून्याखालीं सुमारें ४० अंश सेल्सिअस इतक्या थंडींतहि पेट घेऊं शकते. मग आपल्या हवेंत काय सांगावें? ती वाफ हवेहून जड असल्यामुळें जमिनीसरशी पसरत जाते आणि दूरच्या शेगडीपर्यंत किंवा देवघरांतील समईपर्यंत पोंचूं शकते. रॉकेल किंवा डिझेल यांची वाफ पेटण्यास त्याहून पुष्कळ अधिक उष्णता लागते, म्हणून या कामास तीं बरीं. तथापि रॉकेलाची ही मर्यादाहि ३५ ते ४० अंशांच्या आसपास असते. वऱ्हाड-नागपुराकडे वैशाखांत सावलींतच याहून अधिक उष्मा असतो. सबब हें काम सकाळीं, सावलींत व मोकळ्या जागीं करावें. जवळ विडी, उदबत्ती, शेगडी कांहीं असूं नये. रॉकेल आतां शहरांत पूर्वींसारखें घरोघरीं मिळत नाहीं. तेथें डिझेल घ्यावें, किंवा मोटारीच्या सामानाच्या दुकानांत तेलकट मळ काढण्याचें तयार द्रावण मिळतें तें वापरावें.

दुसरी गोष्ट, रॉकेल पिण्याच्या पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलींत ओतून ठेवूं नये. एकत्र कुटुंबांत लहान मुलें असतात आणि तीं बाटली ओळखतात, आंतला पदार्थ ओळखत नाहींत. रॉकेलाचा घोट पोटापेक्षां फुप्फुसांस अधिक घातक होतो. असा प्रसंग दुर्दैवानें ओढवलाच तर मुलास मुद्दाम ओकारी काढावयास लावूं नये, कारण ओकतांना तें फुप्फुसांत उतरतें. तडक डॉक्टरांकडे न्यावें.

तिसरी गोष्ट, इंजिन चालूं ठेवून, गियर टाकून, आपोआप फिरणारें मागचें चाक किंवा सांखळी पुसण्याची एक धाडसी पद्धति तरुण मंडळींत दिसते. ती सर्वथैव वर्ज्य समजावी. चिंधीचें टोंक सांखळी व दंतचक्र यांच्यामध्यें सांपडलें म्हणजे त्यामागून बोटें जातात, आणि हात मागें घेण्यास अवधि मिळत नाहीं. किल्ली काढून खिशांत ठेवावी व चाक हातानें फिरवावें.

चौथी गोष्ट ब्रेकची. जुन्या गाड्यांचे ब्रेक तुंब्याच्या पोटांत, ड्रममध्यें असतात. जुन्या काळच्या ब्रेकपट्ट्यांत अ‍ॅस्बेस्टॉस घालीत असत आणि त्याची बारीक पूड श्वासाबरोबर गेल्यास कालांतरानें फुप्फुसाचा कर्करोग होऊं शकतो. म्हणून ड्रम उघडल्यास आंतली पूड तोंडानें फुंकूं नये किंवा हवेच्या नळीनें उडवूं नये. ओल्या फडक्यानें हलकेच टिपून घ्यावी व तें फडकें पिशवींत बांधून टाकून द्यावें. आणि बाहेरून चाक साफ करतांना रॉकेलाचा एक थेंबहि ड्रममध्यें जाऊं देऊं नये. तेलकट पट्टी ड्रमास धरीत नाहीं. चाक चकचकीत झालें आणि गाडी थांबेनाशी झाली, तर त्या चकाकीचा उपयोग काय?

आतां प्रत्यक्ष कृति. साहित्य घरांतलेंच आहे: दोन चाकांस मिळून अर्धा लिटर रॉकेल, एक पसरट परात, दोन जुने टूथब्रश, एक रंगाचा अर्धा झिजलेला ब्रश, बांबूच्या किंवा आइस्क्रीमच्या लांकडी काड्या, जुन्या सुती लुगड्याच्या वा धोतराच्या पुष्कळ चिंध्या, भांडीं घांसण्याचा पातळ साबण, बादलीभर कोमट पाणी आणि हातमोजे. हातमोजे नाइट्राइल नांवाच्या कृत्रिम रबराचे असावे. साधें रबर रॉकेलानें फुगतें. रॉकेल कातडीवरचा स्वाभाविक स्निग्धांश काढून घेतें व हात भेगाळतात, म्हणून मोज्यांचा कंटाळा करूं नये.

गाडी सपाट जागीं डबल स्टँडवर उभी करावी. चाकाखालीं परात व तिच्याखालीं जुनीं वर्तमानपत्रें घालावीं. पहिलें काम कोरडें असतें. लांकडी काडीनें तुंब्याच्या कडेचा, आऱ्यांच्या मुळाशीं जमलेला व रिमेच्या आंतल्या अंगाचा जाड थर खरवडून पाडावा. लोखंडी स्क्रू-ड्रायव्हर किंवा सुरी वापरण्याचा मोह होईल, तो आवरावा. लांकूड मळाहून कठीण पण धातूहून मऊ असल्यामुळें तें मळ पाडतें व धातूवर ओरखडा उठवीत नाहीं. निम्मा मळ या कोरड्या कामानेंच निघतो, आणि जितका मळ कोरडा निघेल तितकें रॉकेल वांचतें.

दुसरें काम तेलाचें. रॉकेल चाकावर ओतूं नये. ब्रश त्यांत बुडवून, निथळून, तुंब्यापासून रिमेकडे अशा क्रमानें लावीत जावें. टायरवर तें पडूं देऊं नये, कारण खनिज तेलानें रबर फुगतें व मऊ पडतें. टायरच्या कडेवर ओलें फडकें गुंडाळून ठेवावें हें उत्तम. मागच्या तुंब्यांत झटके सोसण्यासाठीं रबराचे ठोकळे बसविलेले असतात, त्यांसहि हाच नियम. रॉकेल लावल्यावर पंधरा-वीस मिनिटें स्वस्थ बसावें. या कामांत हा स्वस्थ बसण्याचा भाग सर्वांत कठीण आहे असा आमचा अनुभव आहे. तेलास मुरण्यास वेळ दिला तर तेंच आपलें काम करतें. न दिला तर आपणांस घांसावें लागतें. नंतर टूथब्रशनें हलकेच चोळावें व चिंधीनें पुसून घ्यावें. पहिल्या खेपेस वरचा थर जातो, दुसऱ्या खेपेस मेणासारखा. तळचा पापुद्रा तिसऱ्या वा चौथ्या खेपेस सैल पडतो. डांबराचे ठिपके याच रीतीनें निघतात.

आऱ्यांच्या जाळींत तुंब्याच्या पाठीवर हात पोंचत नाहीं. तेथें चिंधीची हातभर लांब पट्टी करून ती रॉकेलांत भिजवावी, आऱ्यांमधून तुंब्याभोंवतीं घालावी आणि दोन्ही टोंकें धरून ताक घुसळल्याप्रमाणें मागेंपुढें ओढावी. पूर्वीं सायकलींच्या तुंब्यावर रंगीत केंसाळ कडें घालीत, तें चाकाबरोबर हलत राहून तुंबा आपोआप पुसत असे. त्याचीच ही हातानें करावयाची आवृत्ति समजावी.

तिसरें काम उटण्याचें, म्हणजे साबणाचें. बादलीभर कोमट पाण्यांत दोन चमचे साबण घालून दुसऱ्या ब्रशनें सारें चाक धुवावें व तांब्यानें पाणी सोडून निथळावें. वाहनें धुण्याच्या दुकानांतील जोराच्या फवाऱ्यानें हें काम करूं नये. तो फवारा तुंब्याच्या सांध्यांतून आंत शिरतो, बेअरिंगमधलें ग्रीस हुसकावतो व तेथें पाणी ठेवून जातो. बाहेरचें नको असलेलें ग्रीस काढतांना आंतलें हवें असलेलें ग्रीस घालवणें हा शहाणपणा नव्हे. धुऊन झाल्यावर कोरड्या फडक्यानें चाक लगोलग पुसावें. विहिरीच्या किंवा बोअरच्या जड पाण्याचे थेंब वाळले तर त्यांचे पांढरे डाग पडतात.

एवढें केल्यावर चाकाचा खरा चेहरा दिसूं लागतो, आणि तेथेंच उतावळ्या माणसाची परीक्षा होते. रिमेवर कोठें तांबूस गंज दिसतो, आणि तो पाहतांच हात तारांच्या ब्रशकडे किंवा संडास धुण्याच्या अ‍ॅसिडकडे वळतो. हे दोन्ही उपाय चाकाचे शत्रु आहेत. रिमेवरचा चकचकीत क्रोमियमचा थर एक सहस्रांश मिलिमीटराहूनहि पातळ असतो. त्याखालीं निकेलचा जाड थर व त्याखालीं पोलाद. क्रोमियम कठीण असलें तरी पोलादी तारांनीं त्याची झिलई मंदावते आणि जेथें तें उकललेलें असेल तेथें त्याचे पोपडे उडतात. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड तर तें विरघळवूनच टाकतें. अशा गंजावर अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ कागदाचा, ज्यांत पोळ्या गुंडाळतात त्याचा, बोळा पाण्यांत बुडवून हलकेच घांसावा. अ‍ॅल्युमिनियम क्रोमियमहून मऊ असल्यामुळें मुलाम्यास धक्का न लागतां वरचा गंज निघतो. मुलामा फोडून आंतून वर आलेला गंज मात्र राहील. तो राहूं द्यावा व त्यावर मेणाचा हात फिरवावा.

येथें स्वयंपाकघराच्या अनुभवाचा एक फसवा दाखला मध्यें येतो. चुलीवरच्या धुरकट खिडकीचा किंवा चिमणीचा चिकटा सोड्यानें निघतो, मग चाकाचा कां निघूं नये, असा प्रश्न एका भगिनीनें आम्हांस विचारला होता. प्रश्न मार्मिक आहे. फोडणीचें तेल वनस्पतिज असतें, आणि तीव्र सोड्याशीं त्याचा संयोग होऊन त्याचा साबण बनतो, म्हणून तें निघतें. यंत्राचें तेल खनिज असतें. त्याचा सोड्यानें साबण होत नाहीं. उलट कांहीं गाड्यांचा तुंबा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो, आणि कॉस्टिक सोडा त्यास खातो. धुण्याच्या सोड्यानेंहि तो काळवंडतो. अ‍ॅल्युमिनियमचें पातेलें सोड्यानें घांसलें तर काळें पडतें, हें सर्वांस ठाऊक आहेच. तुंबा कशाचा आहे हें कळण्यास साधें लोहचुंबक पुरे. तें चिकटलें तर लोखंड, न चिकटलें तर अ‍ॅल्युमिनियम.

स्वच्छतेचा खरा लाभ चकाकी नव्हे, दृष्टि होय. हें पटावें म्हणून आमच्या घरांतील एक प्रसंग सांगतों. आमच्या पुतण्यानें आपल्या आजोबांची जुनी बुलेट चालूं करून घेतली व ती घेऊन महाबळेश्वरास जाण्याचा बेत केला. इंजिनाचा आवाज खणखणीत होता, म्हणून तो निश्चिंत होता. चाकें काळींकुट्ट होतीं. “काका, चाकें काय, परत आल्यावर धुऊं. वाटेंत पुन्हां मळणारच ना?” असें तो म्हणाला. “अरे, मळतील म्हणून आपण आंघोळ टाकतों का?” असें म्हणून आम्हीं त्यास रविवारीं सकाळीं चाकापाशीं बसविलें. तिसऱ्या खेपेचें रॉकेल पुसतांना सांखळीच्या बाजूचा एक आरा त्याच्या हातांत डुगडुगूं लागला. तुंब्याशीं जेथें आरा वांकून भोंकांत शिरतो, तेथें तो तुटलेला होता. मळानेंच त्यास जागच्या जागीं धरून ठेवलें होतें. शोधतां आणखी एक तुटलेला सांपडला. पुतण्या बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, “काका, घाटांत उतारावर हें चाक गेलें असतें तर?” आम्ही उत्तर दिलें नाहीं, कारण तें त्यास कळलें होतें. दोन्ही आरे बदलून, मिस्त्रीकडून चाक ओढून सरळ करून घेतल्यावर मगच गाडी निघाली.

अशा गाडीच्या चाकास साधारणपणें ३६ किंवा ४० आरे असतात आणि भार ते सर्व मिळून वाहतात. एक तुटला म्हणजे त्याचा वांटा शेजाऱ्यांवर पडतो. ते थकून तुटले म्हणजे पुढच्यांवर. एकत्र कुटुंबांतील वाचकांस याहून अधिक विवरण नको. म्हणून चाक स्वच्छ झाल्यावर प्रत्येक आऱ्यावर लहान पान्यानें टिचकी मारावी. ताणलेला आरा सुरांत वाजतो, सैल झालेला बद्द वाजतो. ज्यास तंबोरा लावतां येतो त्यास ही परीक्षा सहज साधेल. तसेंच रिमेच्या भोंकांपाशीं चीर, टायरच्या बाजूस भेगा व तुंब्यांतून झिरपणारें नवें ग्रीस आहे का, हें पाहावें. आणि गाडी रस्त्यावर काढण्यापूर्वीं अंगणांतच हळू चालवून दोन्ही ब्रेक लागतात याची खात्री करून घ्यावी.

पुढें मळ सांचूं नये म्हणून करावयाच्या गोष्टी थोड्या आहेत. सांखळीस साधारण ५०० किलोमीटरांनीं तेल द्यावें, पण तें खालच्या फेऱ्याच्या आंतल्या बाजूनें थोडें थोडें द्यावें, कांहीं वेळ मुरूं द्यावें व वर राहिलेलें पुसून टाकावें. जें तेल सांखळीच्या पोटांत जातें तें उपयोगीं पडतें. जें पाठीवर राहतें तेंच उडून चाकावर बसतें. रिमेवर मोटारीच्या मेणाचा पातळ हात द्यावा. तेलाचा देऊं नये, कारण तेल धुळीस बोलावणें पाठवितें. पावसाळ्यांत, विशेषतः कोंकणच्या खाऱ्या हवेंत, आठवड्यांतून एकदां नुसत्या ओल्या व मग कोरड्या फडक्यानें चाक पुसलें तरी वर्षअखेरचें मोठें काम टळतें.

उरलेल्या रॉकेलाची व्यवस्था हा या कामाचा शेवटचा भाग होय, आणि तो बहुतेक टाळला जातो. परातींतलें काळें रॉकेल गटारांत किंवा झाडाच्या आळ्यांत ओतून मोकळें होणें सोपें आहे. पण तें मुरून शेवटीं कोणाच्या तरी विहिरींत उतरतें. तें पत्र्याच्या डब्यांत रात्रभर निवूं द्यावें. गाळ तळाशीं बसतो व वरचें रॉकेल पुढच्या खेपेस वापरतां येतें. तळचा गाळ व तेलकट चिंध्या घरांत सांठवूं नयेत. झांकणाच्या डब्यांत घालून जेथें गाड्यांचें जुनें तेल गोळा करतात अशा गॅरेजांत द्याव्या. आपला मळ काढतांना तो दुसऱ्याच्या दारीं टाकावयाचा नाहीं, ही स्वच्छतेची खरी व्याख्या आहे.

दोन चाकांस मिळून एक सकाळ पुरते. या एका सकाळींत घरांतील मुलांस धातु, तेल, साबण व गंज यांच्याविषयीं जें कळतें तें शाळेंत महिनाभर फळ्यावर लिहूनहि कळत नाहीं, हें चाळीस वर्षें फळ्यापुढें उभें राहिलेल्या माणसाचें मत म्हणून वाचकांनीं घ्यावें. मुलींसहि या कामांत बसवावें. पान्यास व ब्रशास स्त्रीपुरुष असा भेद ठाऊक नाहीं. लेखणी धरणाऱ्या हातांस काळें लागलें तर कमीपणा येतो ही समजूत जुन्या मळासारखीच थरांनीं बसलेली आहे, आणि तीहि एका दिवसांत निघणार नाहीं. तिला याच रीतीनें काढावें: न रागावतां, न ओरबाडतां, थोडें थोडें, पुन्हां पुन्हां. काम संपलें म्हणजे हातांस आधीं खोबरेल चोळावें, मग डाळीचें पीठ, मग साबण, आणि मग जेवावयास बसावें.